सिता, साबा, तिसा: स्वाहिली-हिब्रूच्या एका शब्दयादीचं प्रकरण

नैरोबीत कामाला होते तेव्हा ऑफिसमधला एक सहकारी मला रोज सकाळी "दादा, हबारी?" असं विचारायचा. पहिल्या आठवड्यात जरा गोंधळ उडाला, मग कळलं की स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ, मामा म्हणजे आई आणि बाबा म्हणजे बाबाच. चारही शब्द आपल्या घरातले, आवाज अगदी तोच, आणि अर्थ जुळतो तो फक्त एकाचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

हा मुलगा किकुयू जमातीचा, नैरोबीच्या उत्तरेच्या डोंगराळ भागातला, देवभोळा आणि वाचणारा. एक दिवस तो चार घड्या घातलेला कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. कुठूनतरी हातात आलेल्या पत्रकावरून त्याने स्वतः उतरवून काढलेली ती यादी होती, डावीकडे स्वाहिली शब्द, उजवीकडे हिब्रू, असे तीसेक. खाली लिहिलेलं की स्वाहिली बोलणारे लोक मुळात इस्रायलमधून आले, भाषा हा त्याचा पुरावा. त्याला माहीत होतं की माझ्या आईची एक मैत्रीण अलिबागची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली आहे आणि आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. म्हणाला, "दादा, तुझ्या त्या मावशींना विचारशील का हे खरं आहे का?"

मला त्याचं हे विचारणं फार आवडलं. खरं मानून मोकळं व्हायचं नाही, खोटं म्हणून फेकायचंही नाही, विचारायचं. म्हणून हे नीट करायचं ठरवलं, आणि ते पूर्ण व्हायला तीन-चार आठवडे गेले.

आधी यादीत काय होतं ते सांगते, कारण ती पहिल्या नजरेला खरंच भारी वाटते. स्वाहिलीत आत्म्याला नाफ्सी, हिब्रूत नेफेश. रोहो आणि रुआख. रक्ताला दामू आणि दाम. देवदूताला मालाइका आणि मलआख, प्रेषिताला नाबी आणि नावी. शंभराला मिया आणि मेआ, हजाराला एल्फू आणि एलेफ. सातला साबा आणि शेवा, नऊला तिसा आणि तेशा. सलामा आणि शालोम. पाण्याला माजी आणि मायिम. हे सगळं एका कागदावर एकाखाली एक वाचलं की कोणाच्याही मनात येईल, अरे, यात काहीतरी आहे. आणि काहीतरी आहेच! फक्त ते काय आहे हा प्रश्न.

रविवारी मावशींना व्हिडिओ कॉल लावला. सहकारी शेजारी बसलेला. मावशी म्हणाल्या, "अगं, शब्द सगळे बरोबर आहेत हो, पण मला एक सांग, त्याला वीस म्हणायला सांग बरं." तो म्हणाला, इशिरिनी. मावशी म्हणाल्या, आमच्यात एस्रिम. मग तीस विचारलं, तो म्हणाला थेलाथिनी, मावशी म्हणाल्या श्लोशिम. ऐंशी, थेमानिनी आणि श्मोनिम. इथे मावशी थांबल्या. "हे बघ, आमच्या बिल्डिंगमध्ये मोरोक्कोच्या आजी आहेत, त्या अरबी बोलतात, त्यांच्यासारखं लागतंय हे."

अख्ख्या प्रकरणाची किल्ली तिथेच सापडली होती, मला ती कळायला दोन दिवस लागले इतकंच.

झालं असं की यादीला दोनच रकाने होते. मी मध्ये तिसरा रकाना आखला, अरबीचा, आणि प्रत्येक शब्दापुढे अरबी शब्द भरत गेले. अरबी आणि हिब्रू सख्ख्या बहिणीच म्हणा, दोन्ही सेमिटिक, त्यामुळे हजारो शब्द एकमेकांसारखे. पण बहिणी असल्या तरी त्यांच्यात ठरलेले फरक आहेत. हिब्रूत जिथे 'श' येतो तिथे अरबीत बऱ्याचदा 'स' येतो, शालोम तर सलाम, शेवा तर सबआ, तेशा तर तिसआ. दुसऱ्या काही शब्दांत बरोब्बर उलटं, हिब्रूत एस्रिम तर अरबीत इश्रीन, हिब्रूत सातान तर अरबीत शैतान. आणि तिसऱ्या एका गटात हिब्रूच्या 'श'समोर अरबीत दातात जीभ धरून म्हणायचा तो 'थ', श्लोशिम तर थलाथीन, श्मोनिम तर थमानीन.

आता स्वाहिली बघा. सलामा, साबा, तिसा, तिन्हीकडे 'स'. इशिरिनी, शेतानी, दोन्हीकडे 'श'. थेलाथिनी, थेमानिनी, दोन्हीकडे तोच 'थ'. जिथे जिथे या दोन बहिणींचं वेगळं पडतं तिथे स्वाहिली अरबीकडे उभी आहे. पाण्याचा माजी सोडला, त्याकडे पुढे येतेच, तर यादीत असा एक शब्द मिळाला नाही जिथे ती अरबीला सोडून हिब्रूकडे गेली. हिब्रूतून थेट आलेले असते तर शालामा, शेवा, तेशा असं काहीतरी व्हायला हवं होतं, आणि स्वाहिलीला 'श' म्हणता येत नाही असंही नाही, शांबा म्हणजे शेत हा तिथला रोजचा शब्द आहे.

दुसरी गोष्ट अशी की यादीत नसलेले शब्दही बघायला हवेत. यादी करणाऱ्याने जुळणारे उचलले, हे आपण सगळेच करतो, मुद्दाम नाही करत. मी सहकाऱ्याला म्हटलं, अरबीसारखे वाटणारे आणखी दहा रोजचे शब्द सांग. समुद्र, बाहारी, अरबीत बह्र, हिब्रूत याम. मासा, सामाकी, अरबीत समक, हिब्रूत दाग. मध, असाली, अरबीत असल, हिब्रूत द्वाश. मित्र, राफिकी, अरबीत रफीक, हिब्रूत खावेर. जग, दुनिया, अरबीत दुन्या, हिब्रूत ओलाम. म्हणजे अरबीशी जुळतो आणि हिब्रूशी काही संबंध नाही असा ढीगभर माल स्वाहिलीत आहे, पण हिब्रूशी जुळतो आणि अरबीशी जुळत नाही असा शब्द, तो माजी सोडून, शोधून मिळत नाही. (सब्बाथला साबातो, हालेलुया वगैरे आहेत, पण ते बायबलच्या भाषांतरांबरोबर मिशनरी लोकांनी आणले, त्यांचा रस्ता वेगळा आणि माहितीतला आहे.)

वरची ती दुनिया वाचून तुमच्या डोक्यात आलंच असेल. माझ्या तर पहिल्या महिन्यातच आलेलं. स्वाहिलीत वेळेला वाकाती, बातमीला हबारी, प्रवासाला सफारी, हिशोबाला हेसाबू, वकिलाला वाकिली. आपण वक्त, खबर, सफर, हिशोब, वकील म्हणतो, तेच शब्द, फक्त आपल्याकडे ते बरेचसे फारसीच्या हातून आले. हिशोबाला हिब्रूत खेश्बोन आहे, सेमिटिक धातू एकच. मग हाच नियम लावला तर मराठीसुद्धा हिब्रूची लेक ठरेल! हिशोब-खेश्बोन, सैतान-सातान, किताब आणि हिब्रूतलं काताव म्हणजे लिहिलं. पुण्याच्या माणसाला कोणी असं सांगितलं तर तो लगेच म्हणेल की छे, हे उसने शब्द आहेत, आमची क्रियापदं बघा, आमचे आकडे बघा. मग स्वाहिलीला तोच न्याय का नको, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि हे उदाहरण सहकाऱ्याला सगळ्यात जास्त पटलं.

उलट्या बाजूनेही देवाणघेवाण झालीच आहे. स्वाहिलीत एक लाखाला लाकी मोजा म्हणतात, लाकी म्हणजे आपला लाख. गाडीला गारी, दुकानाला दुका, आणि केनियात २००७ पासून ज्यावर भाजीवाल्यापासून सगळ्यांचा व्यवहार चालतो त्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेतला पेसा म्हणजे पैसा. हे सगळं एकाच समुद्रावरून फिरलंय. स्वाहिली हे नावच अरबी साहिल म्हणजे किनारा, त्याच्या अनेकवचनावरून. लामू, मोंबासा, झांझिबार, किल्वा ही बंदरं शेकडो वर्षं अरबस्तान आणि इराणचं आखात आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याशी वाऱ्यावर जोडलेली, इब्न बतूता १३३१ मध्ये किल्वापर्यंत जाऊन आला, आणि एकोणिसाव्या शतकात तर ओमानच्या सुलतानाने आपली राजधानीच झांझिबारला हलवली. वारा बदलेपर्यंत गलबतं महिनोन्महिने तिथेच थांबायची, लोक राहायचे, लग्नं करायचे. त्या ऋतूला अरबीत मौसिम, आपल्याकडे मोसम, स्वाहिलीत मसिमू. आणि गंमत बघा, मसिमूचं अनेकवचन मिसिमू!

इथे जरा थांबते कारण मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात प्रिय आहे. स्वाहिली ज्या आफ्रिकी घराण्यातली आहे त्या बांटू भाषांत नामांचे वर्ग असतात, आपल्याकडे तीन लिंगं तर त्यांच्याकडे डझनभराहून जास्त वर्ग म्हणा, आणि वर्ग कळतो तो शब्दाच्या सुरुवातीच्या तुकड्यावरून. मतू म्हणजे माणूस, वातू म्हणजे माणसं. मती म्हणजे झाड, मिती म्हणजे झाडं. त्या मती-मितीच्या रांगेत हा परका मसिमू जाऊन बसला. तसंच किताबू. 'कि' हा मूळ अरबी शब्दाचाच भाग, पण बांटू कानाला तो 'कि-वि' वर्गाचा उपसर्ग वाटला, म्हणून पुस्तकं म्हणजे विताबू. मग विशेषण, आकडा, क्रियापद, सगळ्यांनी त्याच्या मागे चालायचं. किताबू किकुब्वा किमोजा किमेआंगुका, एक मोठं पुस्तक पडलं. दोन पडली तर विताबू विकुब्वा विविली विमेआंगुका. मोठ्याने म्हणून बघा, किती छान ताल आहे. रस्त्यावरच्या चौकातल्या गोल बेटाला तिथे किपिलेफ्टी म्हणतात, 'कीप लेफ्ट' पाटीवरून, आणि अनेक असतील तर विपिलेफ्टी. बाहेरून शब्द कुठलाही येऊ दे, घरात शिरला की घरच्या पंगतीत बसतो. शब्द गलबतातून येतात, ही पंगत गलबतातून येत नाही. ती बांटू आहे, आणि किकुयूत, झुलूत, शोनात, लुगांडात थोड्या वेगळ्या आवाजात तीच मांडलेली आहे.

बांटू हे नाव विल्हेल्म ब्लीक या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८६२ च्या त्याच्या व्याकरणात रूढ केलं, तेही याच ओळखीवरून. लोक म्हणजे झुलूत आबांतू, स्वाहिलीत वातू, शोनात वान्हू, किकुयूत आंदू.

आता पाणी. माजी आणि मायिम. याला मी शेवटपर्यंत ठेवलेलं कारण इथे अरबीचा रकाना कामाला येत नव्हता, अरबीत पाणी म्हणजे माअ, आणि माजी काही त्यावरून आलेला दिसत नाही. सहकारी खुशीत होता. म्हणाला, "आमच्या किकुयूत तर माआई म्हणतात दादा, ते तर मायिमच्या आणखी जवळ आहे!" खरंच आहे. काँगोकडच्या लिंगाला भाषेतही माई म्हणतात. मी दोन दिवस यावर अडकले होते, मग एका संध्याकाळी त्यालाच म्हटलं, दुधाला काय म्हणता? माझिवा. तेलाला? माफुता. अश्रूंना? माचोझी. थुंकीला? माते. एवढं बोलून तो स्वतःच गप्प झाला. 'मा' हा पाण्याचा नाहीच, तो त्या वर्गाचा उपसर्ग, पातळ पदार्थ बरेचसे त्या वर्गात जातात. तो काढला की स्वाहिलीत उरतं 'जी'. झुलूत आमांझी, लुगांडात आमाझ्झी, सगळीकडे 'मा' नंतरचा तुकडाच खरा शब्द. आणि हिब्रूत? तिथे शेवटचं 'इम' हे अनेकवचनाचं, ते काढलं की उरतं 'माय'. म्हणजे एकाची टोपी आणि दुसऱ्याचं डोकं सारखं दिसत होतं. टोपी काढली, जुळणी संपली.

असे योगायोग सगळीकडे असतात. हिब्रूत सहा म्हणजे शेश, फारसीतही सहा म्हणजे शेश, आपलं संस्कृत षष् बघा, आणि तरी फारसी-संस्कृत एका घराण्यातल्या आणि हिब्रू दुसऱ्या. सिम्बा म्हणजे सिंह, यावरून स्वाहिली संस्कृतातून निघाली असं सांगणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात, पण तो धातू बांटूत दूरवर पसरलेला आहे, झुलूत इन्सिम्बा नावाचं रानमांजरासारखं जनावर आहे, सिंह नाहीच. आणि आई-बापांना हाक मारायचे मामा-बाबा-आबा तर जगभरच्या तान्ह्या मुलांच्या ओठांचे शब्द. माझं दादा-काका आठवतंय ना?

रस्त्याचा प्रश्न राहिलाच. हिब्रू ही घरात बोलायची भाषा म्हणून इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतच थांबली होती, प्रार्थनेत आणि ग्रंथांत जिवंत राहिली, आणि पुन्हा मुलांच्या तोंडी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. मधल्या ज्या काळात स्वाहिली किनाऱ्यावर घडत होती त्या काळात हिंदी महासागरावर व्यापार करणारे ज्यू होते, पण त्यांची पत्रंसुद्धा हिब्रू लिपीत आणि अरबी भाषेत. मग साबाला शेवा म्हणणारा कोण तिथे उतरणार?

सहकाऱ्याने लेंबांचं विचारलं, विचारणारच. दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वेतले लेंबा लोक स्वतःला ज्यू वंशाचे मानतात, डुकराचं मांस खात नाहीत, सुंता करतात. २००० सालच्या अभ्यासात त्यांच्या बुबा कुळातल्या पुरुषांत ज्यू पुरोहित घराण्यांत आढळणारी एक जनुकीय खूण बऱ्याच प्रमाणात सापडली, २०१३ च्या जास्त बारीक अभ्यासाने सांगितलं की मध्यपूर्वेचा धागा आहे पण तो खास ज्यूच आहे असं यावरून म्हणता येत नाही. मला त्यांच्या श्रद्धेला हात लावायचा नाही. पण ते बोलतात वेंडा आणि शोनासारख्या बांटू भाषा, आणि त्यांच्या कुळांची नावं सादिकी, हमिसी अशी, अरबी घडणीची. पूर्वज एका वाटेने येऊ शकतात आणि भाषा दुसऱ्या. आमच्या मावशीच बघा ना, अलिबागला जन्मल्या, मातृभाषा मराठी, पेसाख सणाला वाचायच्या हगादा या पोथीचं मराठी भाषांतर पुण्यात १८७४ मध्ये छापलेलं. मावशी ज्यू, म्हणून मराठी काही हिब्रू होत नाही.

एवढं झाल्यावर तो दोन दिवस जरा उतरलेला दिसला. मला वाईट वाटलं. त्याला वाटत होतं की यादी गेली म्हणजे काहीतरी मोठं हातातून गेलं. युरोपातल्या लोकांनी शंभर-दीडशे वर्षं हेच सांगितलंय की आफ्रिकेत जे काही चांगलं दिसतं ते बाहेरून, उत्तरेकडून आलं असणार, आणि ती जखम खोल आहे, त्यामुळे आपली मुळं बायबलात सापडावीत असं वाटण्यात काय चूक. म्हणून मी म्हटलं, तुझ्या आईला फोन लाव आणि किकुयूत एक ते दहा म्हणायला सांग.

स्पीकरवर त्या मोजायला लागल्या. तीनला इथातो, स्वाहिलीत तातू. पाचला इथानो, स्वाहिलीत तानो. सुरुवातीच्या 'त'च्या जागी दोन्ही वेळा तोच 'थ', हेच खरं नातं. आणि मग सहाला इथाथातो, सातला मोग्वांजा, नऊला केंडा. सिता, साबा, तिसा यांपैकी एकही नाही! स्वाहिलीच्या एक ते दहात नेमके हेच तीन अरबी आहेत, मोजा, म्बिली, तातू, न्ने, तानो, नाने, कुमी हे सात घरचेच. आणि जुन्या स्वाहिलीत या तिघांनाही घरचे शब्द होते, सहाला तांदातू, म्हणजे तीन आणि तीन, नऊला केंडा. तोच केंडा जो आत्ता त्याच्या आईने फोनवर म्हटला. तो एकदम सरळ बसला, म्हणाला आमची कुळं दहा आहेत पण आम्ही दहा म्हणत नाही, केंडा मुइयुरू म्हणतो, भरलेले नऊ.

"आणि सात?" त्याने विचारलं. "सातचा जुना शब्द काय होता?"

मी म्हटलं फुंगाटे. तो हसायलाच लागला, कारण हा शब्द त्याला चांगला माहीत होता. स्वाहिलीत आज फुंगाटे म्हणजे लग्नानंतरचे पहिले दिवस, नव्या जोडप्याचा हनिमून. पूर्वी तो सात दिवसांचा असायचा. त्याच्या बहिणीचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं. त्याने तो कागद पालटला, मागच्या कोऱ्या बाजूला एक ते दहा आकडे घातले, शेजारी आईचे शब्द लिहिले, आणि सातसमोर मोग्वांजाच्या पुढे कंसात फुंगाटे लिहून कागद पुन्हा चार घड्या करून खिशात ठेवला.